सात फुटांचा संसार

आम्हां पुणेकरांस कालवा म्हटला कीं मुठेचा कालवा आठवतो. खडकवासल्याच्या धरणांतून तो निघतो, शहराच्या कुशींतून जातो आणि पुढें शेतांना पाणी देत संपतो. त्यांत पाणी धांवत असतें, व त्याचें सारें महत्त्व त्या धांवण्यांतच आहे. इंग्लंडांतील कालवा याच्या अगदीं उलट. तेथें पाणी बहुतेक उभें असतें. धांवावयाचें तें बोटीनें, आणि तिनेंही ताशीं चार मैलांपेक्षां अधिक धांवूं नये असा नियम आहे. मोटारींतून तासाला सत्तर मैल जाणाऱ्या त्या लोकांना, सुटी मिळाली म्हणजे माणसाच्या चालीनें जाण्याची हौस कां वाटावी, हें कोडें मला पहिल्या दिवशीं उलगडलें नाहीं. चौथ्या दिवशीं थोडेंसें उलगडलें. म्हणून हा लेख.

झालें तें असें. आमचा भाचा वीस वर्षें कव्हेंट्रीस आहे. धंद्यानें इंजिनीयर, स्वभावानें हौशी. मुलगा शिकावयास बाहेर गेल्यावर घर रिकामें वाटूं लागलें, तेव्हां कालव्यावरची एक बोट विकत घ्यावी व उन्हाळ्याचे चार महिने तिजवर राहावें, असा बेत त्यानें व त्याच्या पत्नीनें केला. किंवा खरें सांगावयाचें तर त्यानें केला, आणि तिनें तो अद्याप मोडला नव्हता. वीस वर्षांची शिल्लक त्यासाठीं त्यानें बाजूला काढली होती. आम्ही उभयतां त्या उन्हाळ्यांत त्याच्याकडे गेलों होतों. "मामा, तुम्हीं जन्मभर बँकेंत लोकांचीं गहाणखतें तपासलींत, एवढा माझा सौदा पाहून द्या," असें तो म्हणाला. मला बोटींतलें कांहीं कळत नाहीं असें मीं सांगितलें. "बोटींतलें मी पाहतों, कागदांतलें तुम्ही पाहा." हें ठीक होतें. परंतु ज्या वस्तूचा सौदा ती वस्तु चालते कशी हें पाहिल्यावांचून कागद हातीं धरावयाचा नाहीं, ही माझी जुनी खोड. म्हणून प्रथम रग्बीजवळ एक बोट चार दिवसांकरितां भाड्यानें घेतली, आणि ब्रॉन्स्टन या गांवीं जाण्यास निघालों. तेथें विकाऊ बोटींचा मोठा तळ आहे.

या बोटीला नॅरोबोट म्हणतात, आणि नांव सार्थ आहे. आमच्या बोटीची लांबी 57 फूट व रुंदी 6 फूट 10 इंच. आगगाडीचा डबा मधोमध उभा चिरून त्यांतला अर्धा भाग पाण्यांत सोडावा तशी ती दिसते. तळ पोलादी, भिंती पोलादी. आंत ओळीनें निजावयाची खोली, न्हाणी, स्वयंपाकघर व बसावयाची जागा. आणि पिछाडीला उघड्यावर हातभर जागा, तेथें सुकाणूंचा पितळी दांडा धरून एकानें उभें राहावयाचें. या दांड्याची रीत विपरीत आहे. तो डावीकडे ढकलला कीं बोट उजवीकडे वळते, उजवीकडे ढकलला कीं डावीकडे. शिवाय मोटारीसारखी ती तोंडाकडून वळत नाहीं, कमरेवर वळते. नाळ उजव्या हाताला गेली कीं पिछाडी डाव्या हाताला जाते, आणि मागें कशावर आदळली तें आवाजावरून कळतें. सुकाणूंला जोर येतो तो मागच्या पंख्यानें त्याजवर फेंकलेल्या पाण्याचा. पंखा थांबला कीं सुकाणूं नुसतें पाण्यांत लोंबत राहतें. म्हणजे समोरून दुसरी बोट आली म्हणून भिऊन आपण वेग सोडावा, तों नेमकी त्याच क्षणीं आपली बोट आपलें ऐकेनाशी होते.

भाच्यानें तास दीड तासांत हात बसविला. त्याची पत्नी त्याहूनही लवकर शिकली. माझी पाळी आली तेव्हां मीं एका विलो वृक्षाच्या फांद्यांत बोट घातली, व चहाच्या दोन पेल्यांस जलसमाधि दिली. सौभाग्यवतींनीं दांडा पांच मिनिटें धरला, बोट लव्हाळ्यांत रुतली, आणि "डावीकडे जायला उजवीकडे ढकला, हा कसला उफराटा कारभार!" असें म्हणून त्या जो स्वयंपाकघरांत गेल्या त्या संध्याकाळपर्यंत वर आल्या नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत पुरुषमाणसें लढाईवर गेलीं तेव्हां शहरांतल्या सुशिक्षित बायका याच बाजूच्या कालव्यांवर मालाच्या बोटी चालविण्यास शिकल्या होत्या. एक यंत्राची बोट व तिला बांधलेली दुसरी बिनयंत्राची अशी जोडी तिघीजणी चालवीत. लंडनहून बर्मिंगहॅमला माल न्यावयाचा, आणि परततांना कव्हेंट्रीच्या बाजूच्या खाणींचा कोळसा भरून आणावयाचा. दोन्ही बोटी मिळून पन्नास टनांच्या आसपास ओझें होई. त्यांच्या बिल्ल्यावर 'इनलँड वॉटरवेज' या शब्दांचीं दोन आद्याक्षरें असत. लोकांनीं थट्टेनें त्यांवरून 'आयडल विमेन', म्हणजे आळशी बाया, असें त्यांचें नांव पाडलें. हें मीं सौभाग्यवतींस मुद्दाम सांगितलें. उपयोग झाला नाहीं.

रग्बीच्या पुढें हिलमॉर्टन येथें पहिलीं लॉकें लागलीं. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. कालवा टेंकडी चढूं शकत नाहीं, म्हणून चढाच्या जागीं दगडविटांचा एक अरुंद हौद बांधून त्याच्या दोन्ही टोंकांना दरवाजे बसविलेले असतात. बोट खालच्या बाजूनें आंत घ्यावयाची, मागचे दरवाजे लोटावयाचे, मग लोखंडी हँडलानें वरच्या बाजूची झडप उघडावयाची. वरचें पाणी हौदांत शिरतें व बोट उगीचच, कोणी न उचलतां, वर येऊं लागते. दोन्हीकडचें पाणी एका पातळींत आलें कीं पुढचा दरवाजा त्याच्या लांब लांकडी तुळईला पाठ टेंकून ढकलावयाचा. पाण्यांत एक बोटभर जरी अंतर राहिलें तरी चार माणसांच्यानें तो हलत नाहीं; अंतर मिटलें कीं एकट्या भाचेसुनेनें तो उघडला. अशा एका लहान लॉकांतून दर वेळीं सुमारें पंचवीस हजार गॅलन पाणी खालीं जातें. आमची बोट आंत शिरली तेव्हां दोन्ही अंगांस बोटें घालण्यापुरती फट राहिली. भिंतींवरून पाणी ठिबकत होतें, शेवाळ्याचा वास येत होता, आणि वर आभाळाची एक चिंधी दिसत होती.

ही सात फुटांची रुंदी आली कोठून? जेम्स ब्रिंडले नांवाचा एक गिरणी-दुरुस्ती करणारा कारागीर होता. ब्रिजवॉटरच्या ड्यूकसाठीं त्यानें कोळशाच्या खाणींपासून मँचेस्टरकडे कालवा नेला; तो 1761 सालीं सुरू झाला, आणि मँचेस्टरांतील कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग जो तो कालवे मागूं लागला. चिनी मातीच्या भांड्यांचा प्रसिद्ध कारखानदार जोसाया वेजवुड यानें 1766 मध्यें ट्रेंट व मर्सी या नद्यांना जोडणाऱ्या कालव्याची पहिली कुदळ मारली. गाडीवाटेनें जातांना त्याचीं भांडीं फुटत, पाण्यांतून जातांना फुटत ना. या कालव्याच्या वाटेंत हेअरकॅसल टेंकडी आडवी आली. तिच्या पोटांतून दीड मैलाहून लांब बोगदा खणावयाचा, म्हणजे रुंदीचा एकेक फूट सोन्याच्या मोलाचा. ब्रिंडलेनें तो अगदीं अरुंद ठेवला. घोड्याला कांठानें चालण्यास वाट देखील ठेवली नाहीं. बोटीवर माणसें उताणीं निजून, पाय बोगद्याच्या भिंतीला लावून, पावलापावलानें बोट पुढें ढकलीत. लॉकेंही सात फुटांच्या बोटीच्या मापानेंच बांधलीं. ब्रिंडले 1772 मध्यें वारला, कालवा 1777 मध्यें पुरा झाला. पण मधल्या इंग्लंडांतील बहुतेक कालव्यांनीं त्याचें माप उचललें. कव्हेंट्रीपासून रग्बीवरून दक्षिणेस जाणारा हा ऑक्सफर्ड कालवाही त्याच मापाचा, व मूळ आंखणी त्याचीच. अडीचशें वर्षें झालीं, आगगाडी आली, मोटार आली. परंतु येथून जावयाचें असेल तर आजही लक्षाधीशानें आणि भिकाऱ्यानें सातच फुटांत मावलें पाहिजे.

या सात फुटांत पूर्वीं लोक राहत कसे तें ऐकण्यासारखें आहे. आगगाडीशीं स्पर्धा लागल्यावर कालव्यांचे भाडेदर उतरले. गडी ठेवणें परवडेना, तेव्हां नावाड्यांनीं बायकामुलांनाच बोटीवर आणलें. बोटीची बाकीची लांबी कोळशानें भरलेली, आणि मागें सुमारें दहा फूट लांबीची एक कोठडी. तींत चूल, कपाट, कपाटाचें दार उलटें पाडलें कीं जेवणाचें मेज, दुसरें दार पाडलें कीं पलंग. आईबाप व चार-पांच मुलें तेवढ्यांत. भिंतींवर मात्र रंगविलेले गुलाब आणि किल्ले, पितळेच्या चकचकीत मुठी, जाळीच्या कडांच्या बशा. मुलांना शाळा नाहीं, अक्षर ओळख नाहीं. जॉर्ज स्मिथ नांवाच्या गृहस्थानें यावर मोठी ओरड केली, तेव्हां 1877 व 1884 सालीं पार्लमेंटानें कायदे करून बोटींची तपासणी व मुलांचें शिक्षण यांची कांहीं व्यवस्था लावली. दरिद्री लोकांनीं आपली कोठडी इतकी नटवावी, याचें आमच्या भाचेसुनेला नवल वाटलें. सौभाग्यवतींना वाटलें नाहीं. "जागा लहान असली कीं भांडीं लखलखीतच ठेवावीं लागतात," त्या म्हणाल्या. चाळींत दोन खोल्यांत त्यांचें बाळपण गेलें आहे.

ब्रॉन्स्टनला आम्ही दुसऱ्या दिवशीं दुपारीं पोंचलों. टेंकडीवर चर्चचा उंच मनोरा मैलांवरून दिसतो. नावाड्यांचीं लग्नें, बारशीं, मर्तिकें येथेंच होत. अंगणांत त्यांचीं थडगीं आहेत. खालीं ऑक्सफर्ड कालवा व ग्रँड युनियन कालवा यांचा संगम. तेथें पाण्याचा त्रिकोण झाला आहे व त्याजवर लोखंडी कमानींचे दोन जुळे पूल आहेत, अतिशय हलके व सुबक. ग्रँड युनियनचीं लॉकें चौदा फूट रुंद, म्हणजे दोन नॅरोबोटी शेजारीं शेजारीं मावाव्यात अशीं. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्यावरच आमचा सौदा अडला.

मालाची ने-आण आतां जवळजवळ संपली आहे. 1948 सालीं कालवे सरकारच्या ताब्यांत गेले. 1962-63 च्या हिंवाळ्यांत ते आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, आणि उरलासुरला धंदा बसला. ते बुजविले गेले नाहींत याचें श्रेय हौशी लोकांचें. एल. टी. सी. रोल्ट यानें आपल्या बोटीवरील वास्तव्यावर 1944 सालीं 'नॅरो बोट' हें पुस्तक लिहिलें. तें वाचून रॉबर्ट एकमन त्याला भेटला, आणि 1946 मध्यें दोघांच्या पुढाकारानें कालवे वांचविण्यासाठीं संस्था निघाली. 2012 पासून इंग्लंड व वेल्समधील सुमारें दोन हजार मैल जलमार्ग एका धर्मादाय विश्वस्त संस्थेकडे आहेत.

आतां दलालांकडे वळूं. बोटींचा दलाल हा आमच्या घरांच्या दलालासारखाच. बोट त्याची नसते, ती मालकाची. तो ती आपल्या तळावर बांधून ठेवतो, छायाचित्रें काढतो, वर्णन लिहितो, गिऱ्हाइकाला दाखवितो, आणि विकली गेली कीं मालकाकडून शेंकडा ठरलेली दलाली घेतो. त्याचें वर्णन लिहिण्याचें एक शास्त्र आहे. 'उबदार' म्हणजे अंधारी. 'स्वतःच्या आवडीप्रमाणें सजविण्यास वाव' म्हणजे आंत कांहीं शिल्लक नाहीं. आणि 'नाइलाजानें विकणें आहे' हें तर प्रत्येक तिसऱ्या पाटीवर. एवढे लोक नाइलाजानें विकतात आणि तेवढेच हौसेनें घेतात, म्हणून हा धंदा चालतो. आम्हांला भेटलेला दलाल तरुण, अदबशीर व कमी बोलणारा होता. भाच्यानें आपली शिल्लक किती हें त्याला सांगितलें (मीं डोळ्यांनीं खुणावलें होतें, पण उशीर झाला), आणि त्यानें आम्हांस तळाच्या टोंकाला बांधलेल्या एका रुंद बोटीकडे नेलें.

ही बोट बारा फूट रुंद व साठ फूट लांब होती, आणि तिच्यांत पाय टाकतांच भाचा हरवला. बसावयाच्या खोलींत भिंतीइतक्या रुंद कांचा, लांकडी जमीन, जमिनीखालून ऊब. स्वयंपाकघरांत दगडी ओटा, भांडीं धुण्याचें यंत्र, कपडे धुण्याचें यंत्र. निजावयाच्या खोलींत चारी बाजूंनीं फिरतां येईल असा पलंग. छपरावर सूर्याच्या उजेडापासून वीज करणाऱ्या तावदानांच्या रांगा, खालीं बॅटऱ्यांचें कपाट, विजेची मोटर. किंमत आमच्या भाच्याच्या शिलकेला भारी होती, पण अगदीं हाताबाहेर नव्हती. घरावर थोडें कर्ज काढलें असतें तर जमलें असतें. आणि पिछाडीला कांचांनीं बंद केलेली खोली, तींत आरामखुर्ची, व खुर्चीच्या हातावर बोटाएवढी काळी दांडी. हीच जॉयस्टिक.

मालक बोटीवरच राहत होता. सत्तरी उलटलेला, उंच, थोडा वांकलेला एकटा गृहस्थ. दलालाच्या अनुमतीनें त्यानें आम्हांस संगमापर्यंत फिरवून आणण्याचें कबूल केलें. तो खुर्चींत बसला, दोन बोटांनीं दांडी उजवीकडे कलती केली, आणि ती प्रचंड बोट आवाज न करतां उजवीकडे निघाली. दांडी कलली कीं विजेचा निरोप सुकाणूंच्या यंत्राकडे जातो, व तेलाच्या दाबानें सुकाणूं तितकें वळतें. नाळेच्या पोटांत पाण्याखालीं आडवी नळी बसविलेली असते. तींत लहानसा पंखा. त्यानें पाणी एका बाजूस फेंकलें कीं नाळ दुसऱ्या बाजूला सरकते. भाड्याच्या बोटीवर आम्हीं चार जणांनीं बांबूनें ढोसून, ओरडून, एकमेकांना दोष देऊन जें केलें होतें, तें येथें अंगठ्याच्या चिमटींत होत होतें. त्यानें सौभाग्यवतींस बसण्याची खूण केली. त्या नको नको म्हणत बसल्या. दांडी उजवीकडे कीं बोट उजवीकडे. डावीकडे कीं डावीकडे. दहा मिनिटांत त्यांनीं बोट एका पुलाखालून सुईंत दोरा ओंवावा तशी काढली व आमच्याकडे मागें वळून पाहिलें. तें पाहणें मी विसरणार नाहीं.

"आणि वीज गेली तर?" असें भाचेसुनेनें विचारलें. म्हातारा कांहीं बोलला नाहीं. बांक उचलून त्यानें खालून एक जाड लोखंडी दांडा काढला, मागच्या बाजूची झांकणी उघडली, आणि सुकाणूंच्या उभ्या खांबावर दांडा बसवून दाखविला. तोच तो जुना उफराटा दांडा. पण तो धरण्यास त्यानें भाच्याला पुढें केलें. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तीस वर्षें त्यानें नॅरोबोट चालविली होती. दांडा तो धरी आणि लॉकांचे दरवाजे बायको उघडी. पुढें खांदा गेला. तेव्हां, दांडीनें चालणारी बोट घेतली तर आणखी दहा वर्षें निघतील, असा दोघांनीं विचार करून ही बांधवून घेतली. खांद्याचा प्रश्न सुटला. दीड वर्षांपूर्वीं बायको वारली, आणि चौदा फूट रुंद लॉकाचा दरवाजा उघडील अशी दांडी कोणी बसवून देत नाहीं. दलालाच्या पाटीवर 'नाइलाजानें' हा शब्द होता, आणि या एका पाटीपुरता मीं तो परत घेतला.

आम्ही संगमाशीं आलों. जुळ्या पुलांच्या कमानी समोर होत्या. भाचेसून आनंदानें म्हणाली, "तो उजव्या हाताचा कालवा आमच्या घराकडे जातो." म्हाताऱ्यानें तिच्याकडे पाहिलें. "घर कोठें?" "कव्हेंट्रीला." त्यानें दांडी सोडून दिली, ती आपोआप मधोमध येऊन उभी राहिली, व बोट पाण्यावर थबकली. मग तो सावकाश म्हणाला, "ही बोट कव्हेंट्रीला कधींच जाणार नाहीं. हिलमॉर्टनला लॉक सात फूट आहे. ही बारा फूट आहे."

आम्ही त्याच लॉकांतून आदल्या दिवशीं दोन्हीकडे बोटें घालीत आलों होतों. भाचा इंजिनीयर, बोट बारा फूट आहे हें त्याला ठाऊक, लॉक सात फूट आहे हें ठाऊक, या दोन आंकड्यांची वजाबाकी करावयाचें मात्र त्याला सुचलें नाहीं. मलाही सुचलें नाहीं, आणि मी तर त्याचसाठीं बरोबर होतों. दलालानें खोटें कांहीं सांगितलें नव्हतें. आम्हीं विचारलें नाहीं, त्यानें सांगितलें नाहीं. ज्याला विक्रीची गरज होती त्या माणसानें मात्र न विचारतां सांगितलें. या रुंद बोटींना मधल्या इंग्लंडांतील सारे अरुंद कालवे बंद. उत्तरेकडील रुंद कालव्यांत न्यावयाची तर ट्रकवर चढवून न्यावी लागते, आणि परवान्याचा आकारही अधिक पडतो. सारें सुख विकत घेतां येतें, पण ब्रिंडलेच्या भिंतीला पांच फूट मागें सरका म्हणून सांगतां येत नाहीं.

परततांना कोणी फारसें बोललें नाहीं. तळाशीं आल्यावर भाच्यानें म्हाताऱ्याशीं हात मिळविला. त्यानें डावा हात पुढें केला.

त्या संध्याकाळीं मीं कागद पाहिले, म्हणजे कागद कसले असतात तें पाहिलें, आणि माझी झोंप गेली. घराला खरेदीखत असतें, त्याची सरकारदरबारीं नोंद असते. पूर्वींचा बोजा पाहतां येतो. कालव्यावरच्या बोटीला असें कांहींच नाहीं. समुद्रावरील जहाजांच्या नोंदवहींत नांव घालतां येतें, पण तशी सक्ति नाहीं व कालव्यावरचे लोक सहसा घालीत नाहींत. कालव्यावर राहण्याचा परवाना असतो, तो मालकीचा पुरावा नव्हे. चार वर्षांनीं एकदां गॅस, विजेच्या तारा व इंधन यांची तपासणी होऊन दाखला मिळतो, तोही मालकीचा नव्हे. मालकी सिद्ध व्हावयाची ती बांधणाऱ्याच्या मूळ पावतीवरून व त्यानंतरच्या विक्रीपत्रांच्या सांखळीवरून. मधला एक दुवा हरवला कीं विश्वासावर चालावयाचें. दलालामार्फत घेतली तरी कायद्यानें ती एका खासगी माणसाकडून घेतलेली वस्तु ठरते. दुकानदाराकडून घेतलेल्या मालाचे हक्क तीवर मिळत नाहींत. जागेचेंही तसेंच. बोट विकत घेतली म्हणजे ती जेथें बांधली आहे ती जागा बरोबर येत नाहीं. मग दलालाचा उपयोग काय? मला तरी तीनच उपयोग दिसले. मागील कागदांची सांखळी त्यानें तपासून द्यावी. कर्ज नाहीं असें मालकाकडून लिहून घ्यावें. आणि आपले पैसे सौदा पुरा होईपर्यंत त्यानें स्वतःच्या खात्यांत न मिसळतां गिऱ्हाइकांच्या निराळ्या खात्यांत ठेवावे. या तिन्ही गोष्टी लेखी मागाव्या असें मीं भाच्यास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं दलालानें त्या तिन्ही लेखी दिल्या. तेव्हां त्याच्याविषयीं माझें मत थोडें सुधारलें.

कारण दुसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हां तळावर गेलों होतों. या वेळीं भाचेसून पुढें होती. तिनें पाण्याच्या कडेनें चालत सात फुटांच्या बोटी तेवढ्या पाहिल्या, आणि एका हिरव्या रंगाच्या, बारा वर्षें वापरलेल्या, 57 फुटी बोटीपाशीं थांबली. आरामखुर्ची नाहीं, दांडी नाहीं; पिछाडीला पितळी दांडा व उभें राहण्याची जागा. नाळेंत तो लहान पंखा मात्र होता. किंमत रुंद बोटीच्या निम्म्याहून कमी. सर्व्हेअरनें पसंत केली तरच, या अटीवर भाच्यानें बयाणा दिला. सर्व्हे म्हणजे बोट पाण्याबाहेर ओढून काढून तळाची परीक्षा. आज चांगली बोट बांधतात ती तळाला दहा मिलिमीटर, बाजूंना सहा मिलिमीटर पत्रा घालून. पाणी तो हळूहळू खातें. सर्व्हेअर एक लहानसें यंत्र पत्र्यावर टेंकतो, आवाजाच्या लहरींनीं जाडी मोजतो, आणि जागोजागीं खडूनें आंकडे लिहितो. चारांहून कमी आंकडा निघाला कीं विमेवाले कुरकुर करतात. या कामाच्या वेळीं आम्ही पुण्यास परत आलों होतों. पण भाच्यानें आंकड्यांचें छायाचित्र पाठविलें. सर्वांत कमी आंकडा पांच पूर्णांक दोन होता.

त्यानंतर महिन्यानें त्याचें पत्र आलें. हिलमॉर्टनच्या लॉकांतून बोट नीट उतरली. घराहून सायकलनें वीस मिनिटांवर तिला जागा मिळाली आहे. रुंद बोट लंडनच्या बाजूच्या एका जोडप्यानें घेतली. त्यांना उत्तरेकडे यावयाचेंच नाहीं. म्हातारा आतां बहिणीजवळ राहावयास गेला, पण जाण्याच्या आधीं एक दिवस येऊन नव्या बोटीच्या पिछाडीला उभा राहिला व डाव्या हातानें दांडा धरून त्यानें ती एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत नेली. पत्राच्या खालीं भाचेसुनेच्या अक्षरांत दोन ओळी होत्या. बोटींतला ओटा एक हात रुंद आहे. तेव्हां मामींनीं येतांना पोळपाट आणावयाचा तो नऊ इंचांहून मोठा नको, आणि तीन पायांचा नको, कारण दुसरी बोट शेजारून गेली कीं तो डगडगतो.